लावणं आणि थांबणं

वाळवंटीकरणाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराची बैठक दर वेळी नव्या गावी भरते. 2017 मध्ये चीनमधल्या ओर्डोसला, 2019 मध्ये आपल्या ग्रेटर नोएडाला, 2022 मध्ये आबिजानला आणि डिसेंबर 2024 मध्ये इथे रियाधला. रियाधच्या बैठकीत बारा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जाहीर झाली. आफ्रिकेतल्या देशांना मात्र पैशाबरोबर दुष्काळावरचा बंधनकारक मसुदाही हवा होता. त्यावर एकमत होईना, म्हणून तो विषय पुढच्या, म्हणजे मंगोलियातल्या बैठकीकडे ढकलला. द्यायला बरेच हात पुढे आले, बांधून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

*

परदेशी तज्ज्ञांना घरी बोलावून सल्ला ऐकायची सोय चीनने 1992 मध्येच केली. पर्यावरण आणि विकासावरच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी नेमलेल्या त्यांच्या परिषदेत चिनी आणि परदेशी सभासद शेजारी शेजारी बसतात. आता चीन स्वतः सल्ला द्यायला बाहेर पडला आहे. डिसेंबर 2022 मध्ये रियाधला चीन आणि अरब देशांची पहिली शिखर परिषद झाली. दुष्काळ आणि वाळवंटीकरणावरचं संयुक्त संशोधन केंद्र हे तिथल्या घोषणांपैकी एक. पुढच्याच वर्षी ते चीनमधल्या निंग्शियातल्या यिन्च्वानला सुरूही झालं.

निंग्शियाची निवड अचूक आहे. तिथल्या शापोथौला बाओथौ–लान्झोउ रेल्वेमार्ग टेंगर वाळवंटाच्या काठाने जातो. 1958 मध्ये तो सुरू झाला तेव्हा रूळ वाळूखाली जाण्याची भीती होती. उपाय निघाला तो पेंढ्याचा. गव्हाचा पेंढा वाळूवर ओळीत आडवा पसरायचा, मधोमध फावडं ठेवून पायाने दाबायचं, म्हणजे मधला भाग आत रुततो आणि दोन्ही टोकं वीतभर उभी राहतात. अशा उभ्याआडव्या ओळींनी साधारण मीटरभराचे चौकोन पाडायचे. वारा जमिनीलगत अडखळतो, वाळू चौकोनातच बसते, आणि काही वर्षांत पेंढा कुजेपर्यंत तिथे झुडपं मूळ धरतात. ना यंत्र, ना सिमेंट.

पाहुण्यांना हे चौकोन आवर्जून दाखवले जातात. त्याच निंग्शियाने 2003 मध्ये प्रांतभर उघड्यावरची चराई बंद केली आणि मेंढ्या गोठ्यात बांधल्या, ही गोष्ट फोटोत येत नाही. पेंढ्याचं तंत्र विमानात बसून रियाधला येऊ शकतं. चराईबंदी येऊ शकत नाही. ती इथल्या उंटवाल्यांशी आणि मेंढपाळांशी इथेच बसून ठरवावी लागेल. लावायला जग मदत करतं. थांबायचं ज्याचं त्याला.

*

खरं तर अरबस्तानाला चराईबंदी चीनकडून शिकायची गरज नव्हती. इथे शतकानुशतकं ‘हिमा’ होत्या: टोळीने किंवा गावाने राखलेली कुरणं. कुठे ठरावीक ऋतूतच जनावरं सोडायची, कुठे फक्त गवत कापून न्यायचं, कुठे मधमाश्यांसाठी फुलोरा राखायचा. 1953 च्या शाही फर्मानाने कुरणं सर्वांना खुली झाली आणि बहुतेक हिमा मोडल्या. जे सर्वांचं झालं ते कुणीच राखलं नाही. पुढे टँकरने पाणी आणि ट्रकने चारा पोचू लागला, तसे कळप वाढले आणि एकाच जागी वर्षभर राहू लागले.

साठच्या दशकात ओमर द्राझ नावाच्या इजिप्शियन तज्ज्ञाने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी उरलेल्या हिमांचा अभ्यास केला आणि ती पद्धत सीरियात नेऊन पशुपालकांच्या सहकारी संस्थांमार्फत रुजवली. सल्लागाराने यजमानाकडून शिकून ते तिसऱ्याला शिकवावं, असं सहकार्य क्वचितच बघायला मिळतं.

*

आपल्या महाराष्ट्राच्या आदर्श गाव योजनेची मूळ पंचसूत्री: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. पाचांतली चार कलमं बंदीची. हिवरे बाजार या गावाने त्यात शेतीसाठी बोअर न घेण्याचं बंधन घातलं आणि पावसाच्या हिशोबाने पिकं ठरवली. राज्यभरातल्या गावांनी तिथे सहली नेल्या, चर-बंधारे पाहिले, फोटो काढले. चर सगळीकडे खणले गेले. बोअर किती ठिकाणी थांबली?

*

अरबी ओरिक्स, म्हणजे लांब सरळ शिंगांचं पांढरं हरीण. शिकारीपायी 1972 च्या सुमारास रानातलं शेवटचं गेलं. वाचलं ते आधीच केलेल्या जमवाजमवीमुळे. अमेरिकेतल्या फीनिक्स प्राणिसंग्रहालयात 1963 पासून नऊ जनावरांचा कळप जमला: तीन रानातून पकडलेली, एक लंडनचं, एक कुवेतचं आणि चार सौदीचे राजे सौद यांनी दिलेली. त्यांची आणि इतर संग्रहालयांतली पिल्लावळ पुढे अरबस्तानात परतली. तैफजवळच्या महाजत अस-सैद या कुंपण घातलेल्या अभयारण्यात 1990 मध्ये ओरिक्स सोडली.

गोष्ट इथे संपली असती तर शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण दुष्काळ पडला तेव्हा त्याच कुंपणामुळे जनावरांना गवताच्या मागे दूर जाता येईना आणि शेकडो मेली. शिकारी बाहेर अडले, ओरिक्स आत अडली. तरीही 2011 मध्ये या जातीचा धोक्याचा दर्जा एका पायरीने खाली आला. रानातून नाहीशी झालेली जात इतकी सावरल्याची उदाहरणं मोजकीच आहेत. नऊ जनावरांसाठी चार देश एकत्र आले, पण त्याचा उपयोग बंदुका थांबल्यामुळे झाला.

*

1977 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात एक परिषद भरली होती: अंटार्क्टिकातले हिमनग ओढून सौदीला आणता येतील का? पुढाकार राजपुत्र मोहम्मद अल-फैसल यांचा. अलास्काहून आणलेला बर्फाचा तुकडाही तिथे हजर होता. हिमनग काही जिद्दाला आला नाही. पण वाळवंटाला पाणी कमी वापरायला सांगण्यापेक्षा अंटार्क्टिका ओढून आणणं सोपं वाटावं, हा मनुष्यस्वभाव आयोवापुरता नाही.

*

एप्रिल 2015 मध्ये अरबस्तानात उठलेल्या वादळाची धूळ समुद्र ओलांडून मुंबईवर आली. गाड्यांच्या काचांवर पिठासारखा थर, क्षितिज धुरकट. अशा वेळी ‘वाळवंट त्यांचं, खोकला आपला’ म्हणावंसं वाटतं. पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन वेगळं काही सांगतं. पश्चिम आशियातून अरबी समुद्रावर आलेली धूळ ऊन शोषते, तिथली हवा तापते, ओलसर वारे जोर धरतात आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. म्हणजे सौदीने सगळी वाळू बांधून टाकावी, असंही आपण बिनधास्त मागू नये. त्यांनी मोडलेली कुरणं सावरणं वेगळं आणि वाळवंट पुसून टाकणं वेगळं.

*

सौदीच्या हरित उपक्रमाची घोषणा 2021 ची: दहा अब्ज झाडं, चार कोटी हेक्टर जमीन. त्याआधी 2019 मध्ये एकट्या रियाधसाठी पंचाहत्तर लाख झाडांची योजना आली. रस्त्याकडेला तिची झाडं दिसतात. सखल आळं, बुंध्याभोवती काळ्या ठिबक नळीचं वेटोळं, तिच्यातून येणारं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, आणि वर ‘तल्ह’ बाभळीची बारीक पानं धुळीने राखाडी झालेली. सांडपाण्यावर देशी बाभूळ ही निवड शहाणपणाची आहे. परक्या झाडाने काय होतं ते दोन्हीकडे माहीत आहे. अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ सौदीत जिझानच्या ओढ्यांत माजली आहे आणि आपल्या गावठाणांतही.

*

कर्बशून्य होण्याची साल: चीन 2060, सौदी 2060, भारत 2070. सौदीच्या कच्च्या तेलाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची तारीख एकच, त्यामुळे तोवर कुणाची अडचण नाही. इथल्या शुऐबाचा प्रचंड सौर प्रकल्प चिनी कंपनीने बांधला, सुदैरचा आपल्या लार्सन अँड टुब्रोने. दोन्ही कामं चोख. सौर वीज वाढली की इथल्या वीजकेंद्रांत जळणारं तेल वाचतं. वाचलेलं तेल जमिनीत ठेवायचं की जहाजात भरायचं, हे त्या कंत्राटांत नसतं.

*

सौदीने एकदा खरंच थांबून दाखवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सरकार चढ्या भावाने गहू घेऊ लागलं. वाळवंटात हिरवी गोल वर्तुळं उमटली आणि 1992 च्या आसपास उत्पादन चाळीस लाख टनांवर गेलं. त्या गव्हाचं पाणी जमिनीखालचं, हजारो वर्षांपूर्वी साठलेलं, पुन्हा न भरणारं. 2008 मध्ये निर्णय झाला: सरकारी खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी घटवायची. आठ वर्षांत, 2016 मध्ये, ती शून्यावर आली. पुढे थोड्या गव्हाला पुन्हा परवानगी मिळाली, पण मर्यादा घालून. त्याच 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि मराठवाड्यातल्या उसाला हमखास दराची कायदेशीर हमी तेव्हाही होती, आजही आहे. सौदीने शेतकऱ्याला पाण्याचं महत्त्व सांगणारी नुसती व्याख्यानं दिली नाहीत, भावाची हमी टप्प्याटप्प्याने काढली. राजाला ते जमलं, निवडणूक लढवणाऱ्याला अवघड जातं, हे मान्य. पण ज्वारी-तुरीची खरेदी त्याच टप्प्यांनी पक्की करणं तर लोकशाहीतही जमेल.

*

गहू गेल्यावर शेतकरी हिरव्या चाऱ्याकडे वळले. चाऱ्याला गव्हापेक्षाही जास्त पाणी. मग त्याच्यावरही बंधनं आली. गायींना चारा तर हवाच. इथल्या मोठ्या दूध कंपनीच्या उपकंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमीन घेतली, लसूणघास पिकवला आणि जहाजाने आणला. तिथल्या विहिरी खाली गेल्या तशी ओरड झाली, आणि 2023 मध्ये ॲरिझोनाने सरकारी जमिनीवरचे तिचे भाडेपट्टे मोडायला घेतले.

तांदळाचंही तेच. शुक्रवारी दुपारी इथे कुठेही जेवायला बसा, मोठ्या थाळीत कब्सा हा मसालेभात येतो, आणि त्यातला लांब सुटा दाणा बहुतेक वेळा भारतीय सेला बासमतीचा. सौदी हा आपल्या बासमतीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. हा बासमती पिकतो पंजाब-हरियाणात, जिथे भूजल दरवर्षी आणखी खाली जातंय.

म्हणून एकट्याने थांबणंही पुरत नाही. एकाने पंप बंद केला की दुसरीकडे चालू होतो, आणि दोघेही आपापल्या अहवालात बरोबर असतात. झाडं लावायला परिषदांची तितकीशी गरज नाही. पैसा आणि ठिबक असलं की ती लागतात. परिषदांनी बसून ठरवायचं ते हे: कोणत्या देशाचं पीक कोणाच्या भूजलावर पिकतंय, ते कोणी किती घटवायचं, आणि ते पिकवणाऱ्याच्या नुकसानीतला वाटा घेणाऱ्याने किती उचलायचा. त्यात फीत कापण्यासारखं काही नाही, आणि सह्या करायलाही एवढी गर्दी होणार नाही.