पावतीपुस्तक

१९ मे २०२५, सोमवार
पावतीपुस्तक छापून आलं. शंभर पानी. वर सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक. खाली ठळक : अनधिकृत पार्किंग दंड, चारचाकी ५००, दुचाकी २००. सहीच्या रेघेखाली ‘खजिनदार’. म्हणजे मी.
चेअरमन म्हणाले, “मॅडम, कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवा. बाकीचं वॉचमन भरेल.”
कोऱ्या पानावर सही करत नाही. सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात झाली, तिथेही केली नाही. शिक्का आहे, तो मारा म्हटलं.
संध्याकाळी टीव्हीवर परिवहन मंत्री सरनाईक. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं धोरण येणार म्हणे. हे हसले. “मग आपल्याकडे १९९८ नंतर गाडीच आली नसती.”

२० मे
मे महिन्यात असा पाऊस! सोलापूर रस्ता तुंबलेला. गाडीतळावरून ससाणेनगरात यायला जीव गेला. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी.

२२ मे
पहिली पावती फाडली. कोणावर? ए विंगमधल्या आजींना व्यायाम द्यायला येणाऱ्या मुलीवर. ॲक्टिव्हा जिन्याजवळ लावली होती, पाऊस होता म्हणून. दोनशे दिले तिने. काही बोलली नाही. आजींकडून तिला एका वेळचे किती मिळतात, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

२४ मे
वॉचमनला पावतीमागे वीस रुपये. हे कुठे लिहिलेलं नाही. चेअरमननी त्याला तोंडी सांगितलंय, त्याने मला सांगितलं. “ताई, ते व्हाउचरवर दाखवायचं का नको?”
लातूरकडचा आहे. बारा तासांची ड्युटी. वीस रुपये त्याला नको असतील असं मी कसं म्हणू.

२५ मे, रविवार
जागा मोजल्या. ह्यांनी टेप धरला. नियमाची चारचाकीची जागा ५ मीटर बाय अडीच मीटर. आमचे पट्टे कोणी मारले देव जाणे, एकही तेवढा नाही. खाली स्टिल्टमध्ये चौदा, उघड्यावर सहा. घरं छत्तीस. राहायला आलो तेव्हा दोन मारुती होत्या, बाकी स्कूटर आणि लूना. मुलं खाली क्रिकेट खेळायची.
पुण्यात २०१८ मध्येच गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्या. ३६ लाखांच्या वर. आमच्या इमारतीने तो आकडा मनावर घेतलेला दिसतो.

२६ मे
मान्सून पुण्यात आला. अधिकृत. जून लागायच्या आधीच.

३१ मे
महिन्याचा हिशेब. पावत्या कोणावर : पाहुणे, भाडेकरू, स्वयंपाकवाल्या बाईंचा भाऊ, गॅस सिलिंडरचा टेम्पो, कुरिअरवाला. सभासद फक्त एक, तोही सी विंगचा, त्याने भरलेली नाही.
रक्कम कोणत्या खात्यात टाकू? ‘इतर उत्पन्न’ लिहिलं. पेन्सिलीने.

५ जून
रात्री दीडला अँब्युलन्स. ए विंगच्या त्याच आजी, श्वास लागला. गाडी आत वळेना. वळणावर पांढरी एसयूव्ही आडवी. वॉचमन इंटरकॉम वाजवतोय, मालक उचलत नाही. शेवटी स्ट्रेचर गेटपासून हाताने नेलं. पावसात. एक छत्री आजींवर, एक सलाईनच्या बाटलीवर.
एसयूव्हीच्या काचेवर पावती चिकटवलेली होती. ओली. गाडी जागच्या जागी.

६ जून
आजी बऱ्या आहेत. ऑक्सिजनवर, पण बोलतात.
चेअरमन सकाळी दारात. “बघितलंत? म्हणून म्हणतो, दंड वाढवायला हवा.” त्यांचं सगळंच चूक नाही. रात्री कोणी गेलं असतं तर? पण दंडाने गाडी हलली नाही, हेही डोळ्यांनी पाहिलं.
एसयूव्ही त्यांच्याच मजल्यावरची. त्या घराचा खाली ‘घेतलेला’ एक स्लॉट आहे, तिथे दुसरी गाडी असते.

१० जून
वटपौर्णिमा. कोपऱ्यावरच्या वडाला फेऱ्या. बायकांत विषय एकच, पार्किंग. बी विंगच्या वहिनी दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “माझ्या भावाकडून घेतले हो पाचशे. जेवायला बोलावलं होतं. ताटावर बसलाय आणि वॉचमन दारात.” सगळ्या हसल्या. त्या नाही हसल्या.

१४ जून
कमिटीची मीटिंग. मी विचारलं, दंडाला सर्वसाधारण सभेचा ठराव आहे का?
“कमिटीने ठरवलं ना.”
उपविधी काढा म्हटलं. कपाटाची किल्ली सापडली नाही.

१५ जून
पंचायत समितीतून निवृत्त झालेले शेजारचे काका सहकारातले जाणकार. त्यांच्याकडे आदर्श उपविधींची प्रत आहे, पिवळी पडलेली नाही, २०१४ ची. दुपारभर वाचली. लिहून ठेवते, नंतर घोळ नको.
कोणत्या चुकीला किती दंड, हे सर्वसाधारण सभा ठरवणार. कमिटी नाही. आधी चूक लेखी निदर्शनाला आणायची. तरी चालू राहिली तर कारणे दाखवा नोटीस. मग त्याचं म्हणणं ऐकायचं. मग दंड. वर्षात जास्तीत जास्त पाच हजार.
आणि हे सगळं सभासदाला. व्यायामवाली मुलगी सभासद नाही. टेम्पोवाला नाही. वहिनींचा भाऊ नाही.
पार्किंग : जागा कमी, गाड्या जास्त, तर दरवर्षी सोडत. आमच्याकडे सत्तावीस वर्षांत एकदाही काढलेली नाही.

१७ जून
चेअरमनना सांगितलं. “मॅडम, पुस्तकातलं पुस्तकात.”

२२ जून, रविवार
पालख्या. पहाटेपासून टाळांचा आवाज, ढग दाटलेले. गाडीतळाला दोन्ही वाटा फुटतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला, माउली दिवे घाटाने सासवडला. सोसायटीने दरवर्षीप्रमाणे केळी आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवले होते. फुरसुंगीकडच्या बाया, डोक्यावर तुळस, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. एकीने माझ्याच पायाला हात लावला. मी मागे सरकेपर्यंत लावूनही झाला.
रस्ते बंद, म्हणून केळ्यांचा टेम्पो रात्रीच आणून आत लावला होता. टेम्पोवाल्याने केळ्यांचे पैसे निम्मेच घेतले. माउलींसाठी म्हणाला.
संध्याकाळी कळलं, त्याच्यावर पावती फाडली. पाचशे. वॉचमनचा नातेवाईक रिलीव्हर होता, त्याला काय ठाऊक.
पावती माझ्याकडे आली. खात्यात टाकली नाही. पाचशे पाकिटात, वर टेम्पोचा नंबर.

२३ जून
चेअरमनना पाकीट दाखवलं. पहिल्यांदा गप्प बसले. “देऊन टाका परत,” म्हणाले. मग जाता जाता, “पण पावती रद्द दाखवू नका, नंबर तुटतो.”

२८ जून
चाकाला लावायचा जॅमर आला. पिवळा, जाडजूड. खर्चाचं बिल माझ्या टेबलावर. मंजुरी कोणाची, या रकान्यात कमिटी.
बिल बाजूला ठेवलं.

३ जुलै
जॅमर बसला. सी विंगच्या भाडेकरूच्या गाडीला. मगरपट्ट्यात नोकरी, रात्रपाळी. सकाळी सहाला येऊन रिकाम्या जागेत लावून झोपला होता. जागा ‘विकत घेतलेली’ होती, मालक गावी.
दुपारी उठला, आरडाओरडा नाही, थेट ११२ ला फोन. हवालदार आले. वयस्क. जॅमरभोवती एक चक्कर मारली. “हा कोणी लावला?” कोणी बोलेना. वॉचमनकडे सगळे बघायला लागले.
हवालदार म्हणाले, “चाकाला कुलूप घालायचा अधिकार वर्दीतल्या पोलिसाला, तोही सार्वजनिक जागेत. तुम्हाला कोणी दिला?” मोटार वाहन कायद्याचं १२७ कलम, रात्री पाहिलं. तेच म्हणतं.
जॅमर काढला. तक्रार झाली नाही. चहा झाला.
वॉचमनचा चेहरा उतरलेला. “ताई, लावायला मला सांगितलं, आता विचारतातही मलाच.”

४ जुलै
भाडेकरू भेटला जिन्यात. मुलगा विदर्भातला, नम्र. “काकू, माझ्या मालकाकडून तुम्ही नॉन-ऑक्युपन्सी घेता ना?” घेतो. घर भाड्याने दिल्याबद्दल, सेवा शुल्काच्या दहा टक्के, तेवढीच घेता येते. “मग मी गाडी कुठे लावू?”
उत्तर नव्हतं.

६ जुलै
आषाढी. उपवास. साबुदाणा भिजला नाही, भगर केली.

९ जुलै
‘विकत घेतलेल्या’ जागांचे कागद मागवले. नोटीस बोर्डावर लावलं : ज्यांच्याकडे असतील त्यांनी झेरॉक्स द्यावी.

१२ जुलै
आले. सगळे सारखेच. बिल्डरच्या लेटरहेडवर चार ओळी, स्टिल्ट पार्किंग क्रमांक अमुक, रुपये पंचवीस हजार. करारनाम्यात त्याचा उल्लेख नाही. चेअरमनचं पत्र सगळ्यात जुनं, लॅमिनेट केलेलं.

१३ जुलै
काकांनी निकाल काढून दिला. दहिसरची पांचाली सोसायटी, बिल्डर नहालचंद लालूचंद. सर्वोच्च न्यायालय, ३१ ऑगस्ट २०१०. मोफा या जुन्या फ्लॅट कायद्याखालच्या इमारतीत स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे, फ्लॅटही नव्हे. ती सामाईक जागा. बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. वाटप सोसायटीने करायचं.
नवा रेरा कायदा आल्यानंतरचं वेगळं. तिथे झाकलेली जागा विकता येते, उघडी नाही. अमानोराकडच्या नव्या टॉवरवाल्यांना तो हिशेब. आमची इमारत १९९८ ची. मोफा.
म्हणजे पंधरा वर्षं हा निकाल होता आणि आम्ही सत्तावीस वर्षं त्या लेटरहेडला मान देत होतो.
आता उलगडतंय. पावत्या हव्या होत्या कोणाला? स्टिल्टमधली जागा ज्यांच्या बुडाखाली पक्की, त्यांना. बाकीच्यांनी एकमेकांच्या गाड्यांवर नजर ठेवायची.

१५ जुलै
बिल्डरने घेतलेले पंचवीस हजार लोकांनी खरेच मोजलेत, तेही १९९८ चे. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. त्यांना काय सांगायचं? ‘कागद खोटा’ म्हणणं सोपं आहे. ते सकाळी भेटले, मान वळवून गेले.

१८ जुलै
ऑडिटर. गेल्या वर्षाचं काम, पण पावतीपुस्तक चाळलं. “हे पुढच्या वर्षी माझ्याकडे येईल. ठराव कुठे आहे, तेव्हा विचारीन. आत्ताच विचार करा.” चष्मा पुसला, दुसरी फाइल घेतली.

२० जुलै
चेअरमनकडे गेले. हेही बरोबर आले, दारात थांबले. मी तीन गोष्टी मांडल्या. ठराव होईपर्यंत पावत्या बंद. बाहेरच्यांकडून घेतलेले परत. सोडत.
बराच वेळ बोलले नाहीत. मग, “मॅडम, दहा वर्षं ही सोसायटी मी चालवतोय. पाण्याचा टँकर मी आणला. लिफ्ट मी बदलली.”
खरं आहे. दोन्ही खरं आहे.

२६ जुलै, शनिवार
सभेची नोटीस लागली. चौदा दिवस मोकळे हवेत म्हणून आजच. विषय पाच : पार्किंग सोडत. विषय सहा : दंडाची पद्धत. चेअरमननी सही केली. पेन माझंच मागून घेतलं.

२९ जुलै
काळेपडळच्या रेल्वे गेटावर पाऊण तास. रिक्षावाला म्हणाला, “सोसायटीत जागा नाही, रस्त्यावर जागा नाही, गाडी मात्र सगळ्यांना पाहिजे.” आमच्याही वॅगनआरची आठवण झाली. आठवड्यातून एकदा निघते.

३ ऑगस्ट
व्हॉट्सॲप गटावर भांडण. गट ॲडमिनने ‘फक्त ॲडमिन’ केला. शांतता.

९ ऑगस्ट
राखी. वहिनींचा भाऊ आला. गाडी बाहेर, डेअरीसमोर लावून चालत आला.

१० ऑगस्ट, रविवार
सभा. टेरेसवर, ताडपत्रीखाली. दहाची वेळ, कोरम नाही. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केली, तेव्हा सगळेच हजर. नेहमीचंच.
विषय पाचला दोन तास. लॅमिनेट केलेलं पत्र हातोहात फिरलं. पांचालीचा निकाल मी वाचला, मराठीत सांगत सांगत. चौथ्या मजल्यावरचे काका उठले. मला वाटलं, आता तोडतील. म्हणाले, “माझे पैसे बिल्डरने खाल्ले. शेजाऱ्यांकडून वसूल कशाला करू? टाका माझंही नाव चिठ्ठीत.”
त्यानंतर विरोध करणाऱ्यांचा आवाज बसला.
ठरलं. एका घराला एक जागा. सोडत वर्षाची. जागा मिळाली नाही त्यांना पुढच्या वर्षी आधी. वळणावरचे दोन पट्टे पुसून टाकायचे, अँब्युलन्स आणि अग्निशमनसाठी. तिथे गाडी लावली तर लेखी सूचना, नोटीस, सुनावणी, मग दंड. सभासद असो, चेअरमन असो. पाहुण्यांना दोन तास, वहीत नाव. भाडेकरूची चिठ्ठी मालकाच्या नावे.
जॅमरचं बिल नामंजूर. चेअरमननी स्वतः भरलं.

१२ ऑगस्ट
पैसे परत करणं घेतल्याहून अवघड. कुरिअरवाल्याची कंपनी बदलली. सिलिंडरवाला म्हणाला, राहू द्या, चहाला ठेवा. व्यायामवाल्या मुलीने मोजून घेतले आणि पावती मागितली. मला ती मुलगी आवडली.
टेम्पोवाला मांजरीचा. पाकीट दिलं. “कशाचे?” विसरला होता.

१४ ऑगस्ट
वॉचमनचे वीस-वीस रुपये परत मागायचे नाहीत, असं मी लिहिलं. कमिटीत कोणी हरकत घेतली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
सोडत. ए विंगच्या आजींच्या नातीने चिठ्ठ्या उचलल्या. आजी खुर्चीत बसून. एसयूव्हीवाल्यांना उघड्यावरची जागा, चिंचेखालची. भाडेकरूच्या मालकाला स्टिल्टमधली. चेअरमनना मिळाली, पण जुनी नाही, पंपाशेजारची.
आमची चिठ्ठी निघाली नाही.
उरलेल्या पावत्यांवर ‘रद्द’चा शिक्का मारून पुस्तक दप्तरात ठेवलं. वॅगनआर आजपासून बाहेर रस्त्यावर. तिथे वाहतूक पोलिसांचं चलान आलं तर भरायचं. ते खरं असतं.