दवाखान्याचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवताना कपाट कधी हरवत नाही. पाटा-वरवंटा तर मुद्दाम मागे ठेवला तरी टेम्पोवाला जिना चढून परत आणून देतो. हरवतात त्या कपाटाच्या किल्ल्या, आणि "नीट ठेव हं" असं बजावून कुठल्याशा डब्यात घातलेला कागद. तो डबा कुठला, हे ज्याला माहीत असतं तो नेमका त्या वेळी चहा सांगायला गेलेला असतो.

डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर काढून नवी सिस्टिम घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला हे बिऱ्हाडच आठवलं. जुना प्रोग्रॅम त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या डॉक्टरांच्या काळातला. तो विंडोज एक्सपीवर चालायचा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीवरून ८ एप्रिल २०१४ रोजी हात काढून घेतला, पण ही बातमी दवाखान्यातल्या एक्सपीला कुणी कळवली नसावी. तो आपला इमानाने चालत होता. फक्त मधूनमधून कंपाउंडरकाका त्याच्या पाठीत एक धपाटा घालीत.

"काका, तुम्ही बँकेत होतात ना? तुमच्याकडे लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले, मग ते जाऊन दुसरे आले. जरा येऊन बसाल का?"

निवृत्त बँकवाल्याला असं कुणी विचारणं म्हणजे महागाई भत्ता वाढल्यासारखंच. ही म्हणाली, "जा. त्यांना तरी तुमच्या गोष्टी नवीन आहेत."

गोष्टी होत्याच. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढे आमच्या शाखेत पोस्टिंग मशीन आलं. कित्येक महिने आम्ही लेजरही लिहीत होतो आणि यंत्रही बडवत होतो. रात्री दोन्हीकडची बाकी जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. शिव्या भरपूर दिल्या, पण एका खातेदाराचा एक रुपयासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही.

कंपनीचा मुलगा टाय बांधून आला होता. "सर, सोमवारी सकाळी जुनं बंद, नवं चालू!" सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्यात रविवारच्या जेवणावळींचे बळी जिन्यापर्यंत बसलेले असतात. मी म्हटलं, बुधवारी दुपारी करा. दुसरं विचारलं, बॅकअप आहे का? आहे म्हणाला. तो परत उतरवून पाहिलाय का? त्यावर त्याने टाय सैल केला. तिसरं, उद्या तुम्हाला सोडायचं झालं तर आमचे कागद आम्हाला वाचता येतील अशा रूपात परत द्याल का? लग्नाच्या बैठकीतच घटस्फोटाचं विचारल्यासारखा त्याचा चेहरा झाला. पण डॉक्टरीणबाईंनी ते करारात लिहून घेतलं.

मग नव्या सिस्टिमची ट्रायल झाली. "बघा सर, जुन्यात जेवढे पेशंट तेवढेच नव्यात!" त्याने बेरीज दाखवली. बेरीज तंतोतंत होती. मी आणि कंपाउंडरकाका वीस-पंचवीस पानं काढून जुनं-नवं शेजारी ठेवून वाचायला बसलो. पहिल्याच डावात सहा जणांचा जन्म ६ जानेवारीचा निघाला. आता तुम्हीच सांगा, एवढी माणसं एकाच दिवशी कशी जन्मतील? जन्मली होती १ जूनला! १ जून ही शाळामास्तरांनी महाराष्ट्राला दिलेली जन्मतारीख. नवा प्रोग्रॅम अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचत होता. त्यामुळे ही मंडळी एका रात्रीत जवळजवळ पाच महिन्यांनी म्हातारी होऊन 'दर्पण'कारांच्या पत्रकार दिनाला जन्मली. तेरा तारखेपासूनचे लोक वाचले, कारण तेरावा महिना अमेरिकेतही नाही. आजोबांचं एक वेळ चालेल हो, पण बाळाच्या लशींच्या तारखा याच हिशेबाने निघायच्या होत्या.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग कंपाउंडरकाकांनी हिचं पान उघडलं आणि ते गप्प झाले.

पडद्यावर होतं, "अ‍ॅलर्जी : नाही."

फार वर्षांपूर्वी थोरल्या डॉक्टरांनी हिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास लागला. डॉक्टर तिथेच होते म्हणून निभावलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये अ‍ॅलर्जीला रकानाच नव्हता, म्हणून त्यांनी नावापुढेच लिहून ठेवलं : "पेनि. नको!" नव्या प्रोग्रॅमने नावाच्या चौकटीत मावेल तेवढं घेतलं आणि "पेनि. नको" बाहेर जिन्यात राहिलं. वर अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा दिसला तर तो आपल्या मनाने "नाही" असं भरत होता.

"सर, चुकीचं औषध लिहिलं तर सिस्टिम लाल इशारा देते," मुलगा म्हणाला.

"इथे देईल का?"

डॉक्टरीणबाईंनी अमॉक्सिसिलिन लिहून पाहिलं. तेही पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. इशारा आला नाही. सिस्टिमने 'दिवसातून किती वेळा?' एवढंच अदबीने विचारलं.

बँकेत चूक झाली तर रात्री बाकी जुळत नाही. इथे सगळं जुळलं होतं. माणसाच्या सुजलेल्या ओठांची बेरीज कुठल्या खात्याशी ताडून बघायची? विचारलंच नाही ही एक गोष्ट, आणि विचारलं, नाही म्हणाले ही दुसरी. यंत्राला दोन्ही सारखीच.

बुधवार पुढे गेला. सगळ्यांचे "नाही" पुसून तिथे "विचारायचे आहे" घातलं. तारखा उलटवून घेतल्या. जुना एक्सपी भंगारात न देता इंटरनेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवला, नुसता वाचायला. दीड महिना दोन्हीकडे नोंदी झाल्या आणि कंपाउंडरकाकांनी माझ्या नावाने बोटं मोडली. येईल त्या पेशंटला ते तोच प्रश्न विचारत होते.

हिची पाळी आली तेव्हा मी शेजारीच होतो. उत्तर तिच्याइतकंच त्यांनाही पाठ होतं, पण नियम म्हणजे नियम.

"वहिनी, कशाची अ‍ॅलर्जी?"

"पेनिसिलिनची," ही म्हणाली, "आणि बँकेच्या गोष्टींची."

काकांनी दोन्ही लिहून घेतलं.