शनिवार, इस्त्री आणि मॅचबॉक्स

शनिवारी सकाळी आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करताना मी हमखास मॅचबॉक्स लावतो. बँड ब्रिटिश, पण संगीत रॉकाबिली. म्हणजे १९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या मिसळीतून तयार झालेलं, सुरुवातीच्या एल्व्हिसचं.

मंडळी, हा बँड सुरू झाला १९७१ साली. तेव्हा ब्रिटनमध्ये हे संगीत जुनंपुराणं झालं होतं. आधी ग्लॅम रॉक आलं, मग पंक. हे आपले तेच वाजवत राहिले. गायक ग्रॅहम फेंटन नंतर आला. त्याआधीच्या त्याच्या हाउसशेकर्स बँडने १९७१ मध्ये खुद्द जीन व्हिन्सेंटला साथ केली होती.

'रॉकाबिली रेबेल' ब्रिटनच्या टॉप २० मध्ये गेलं ते १९७९ ला. आठ वर्षांनी! १९८० मध्ये 'व्हेन यू आस्क अबाउट लव्ह' थेट चौथ्या नंबरवर. गंमत म्हणजे हे गाणं मूळचं क्रिकेट्सचं. आणि १९८२ नंतर चार्टवरून गायब.

आठ वर्षं वाट बघायची आणि जेमतेम तीन वर्षं हिट व्हायचं. एक्सेल शीटमध्ये मांडलं तर सरळ तोटा. तरी १९९५ मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र आलीच.

माझी कॉलेजमधली गिटार कपाटावर पडून आहे. 'सध्या वेळ कुठाय' असं म्हणता म्हणता चार वर्षं झाली. ऐकणारं कुणी नाही, हे खरं कारण आज इस्त्री करताना लक्षात आलं.

असो. दोन शर्ट राहिलेत. मग स्टूल घेऊन वर चढतो.