चाकूच्या मुठीवरचे दोघे

परवा वर्गात रोमन साम्राज्याविषयी सांगायचं होतं, म्हणून मुलींना दाखवायला चित्रांचं एक पुस्तक घेऊन गेले. त्यात एका चाकूच्या मुठीचा फोटो होता. मूठ बोटाएवढीच, हाडात कोरलेली. दोन ग्लॅडिएटर एकमेकांना भिडलेले, ढालीला ढाल लागलेली. शिरस्त्राणांमुळे तोंडं झाकलेली. पातं लोखंडाचं होतं, ते गंजून केव्हाच गेलं. हाड तेवढं टिकलं.

हस्तिदंत महाग, तो श्रीमंतांचा. इतरांना गुरांच्या हाडाची मूठ परवडे. ग्लॅडिएटरांच्या मुठीचे असे मिटवायचे चाकू पार ब्रिटनपर्यंत सापडले आहेत. मातीच्या दिव्यांवर, काचेच्या पेल्यांवरसुद्धा हेच लढवय्ये! म्हणजे आखाड्यातली झुंज अशी घरोघर येऊन बसली होती.

मी मुलींना सांगत होते, की यांतले बरेचसे गुलाम, नाहीतर लढाईत धरलेले कैदी. काही पैशासाठी आपणहून आलेले. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, त्यांच्या घरी कोण कोण असायचं हो?"

खरं सांगते, मला उत्तर देता येईना. इतकी वर्षं हा विषय वाचला, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. घरी आल्यावर कुकर लावला आणि पुस्तकं काढून बसले.

इटलीत मिलानला अर्बिकस नावाच्या ग्लॅडिएटरच्या थडग्याचा दगड मिळाला आहे. हा मूळचा फ्लॉरेन्सचा. तेरा झुंजी लढला आणि वयाच्या 22व्या वर्षी गेला. दगडावर बायकोचं नाव आहे, लाउरिकिया. सात वर्षांचा संसार झाला होता. मुलगी ऑलिंपियास, बाप गेला तेव्हा अवघी पाच महिन्यांची. कुकरच्या शिट्या किती झाल्या, ते मोजायचं राहूनच गेलं.

त्याच दगडावर पुढच्यांसाठी एक सल्लाही कोरलेला आहे: ज्याला हरवाल, त्याला मारूनच टाका. वाचून अंगावर काटाच आला. मग हळूहळू उलगडा होत गेला. हरलेल्याला जीवदान देण्याची पद्धत तेव्हा होती. अर्बिकसनं असंच कुणाला तरी सोडलं असावं आणि पुढे त्याच्याच हातून हा गेला असावा, असा त्या शब्दांचा अर्थ दिसतो. नवऱ्याच्या दयेची किंमत त्या बाईला मोजावी लागली. मांडीवर पाच महिन्यांचं पोर घेऊन तिनं आणखी काय लिहायचं होतं? तरी पण तो सल्ला माझ्या काही केल्या गळी उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला अर्बिकसची सगळी हकीकत सांगितली. शेवटची ओळ सांगावी की नाही, अशा विचारात होते; पण सांगितली. ती जराशी गप्प राहिली. मग पुस्तक पुढं ओढून फोटोतल्या दोघांवर बोट ठेवत म्हणाली, "पण बाई, या दुसऱ्याच्या घरीही कुणीतरी असेलच ना?"

"असेल गं," मी म्हटलं. लाउरिकियाला हे सांगायला त्या वेळी कुणी नव्हतं.