नेरुळच्या जिन्याखालची कुकरी

१९७३ साली वाशीचा पूल झाला आणि खाडीपलीकडे सिडकोच्या इमारती उठू लागल्या. आगरी-कोळ्यांची गावं मूळचीच. बाकी आपण सारे बाहेरून आलेले. तसाच आपला गुरखाही. सगळे त्याला ‘बहादूर’ म्हणतात. खरं नाव विचारून पाहा, वेगळंच निघेल! नेरुळात संध्याकाळी फिरा, कित्येक जिन्यांखाली एका खोलीत नेपाळी संसार मांडलेला दिसेल.

अशाच एका खोलीत ट्रंकेच्या तळाशी आजेसासऱ्यांची कुकरी होती. मुलीची कॉलेजची फी भरायची म्हणून ती विकायला काढलेली. भंगारवाला लोखंडाच्या भावात मागत होता, आणि घरची बाई पॉलिश पेपरने ती घासायला बसली होती. म्हटलं, “दीदी, थांबा जरा!” घासलं की वय सांगणाऱ्या खुणाच जातात.

पात्याची पाठ उजेडात धरली, तर वर अक्षरं, आणि तीही देवनागरी! नेपाळीची लिपी आपलीच ना. मुलीने वाचलं: ‘श्री ३’, पलटणीचं नाव आणि १९६४. इथे घाई करू नका, बरं का. हा इसवी सन नव्हे, आपला शकही नव्हे. नेपाळात विक्रम संवत चालतो. ५७ वजा केले की १९०७. ‘श्री ३’ हा तिथल्या राणा पंतप्रधानांचा मान, आणि त्यांची सत्ता १८४६ ते १९५१. हिशेब जुळला!

इंग्रजी अक्षरं, बाणाची खूण आणि ‘४३’सारखा आकडा असला, तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातल्या फौजेची. सिंहाच्या तोंडाची पितळी मूठ म्हणजे बहुधा प्रवाशांना विकायचा माल. मुठीजवळची खाच नव्या कुकरीलाही असते, नुसती ती पाहून फसू नका. म्यानामागे दोन छोट्या सुऱ्या असतात, धारेची कर्द आणि बोथट चकमक. त्या शाबूत असल्या तर दुधात साखर.

फी शेवटी बिल्डिंगच्या भिशीतून भरली. पहिला नंबर तिला दिला. पुढे विकायचीच झाली, तर घेणाऱ्याकडे पुरावस्तूंचा परवाना आहे का, हे विचारायचं ठरलंय. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. तोवर खाडीच्या खाऱ्या हवेत पातं चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, ओल धरते. शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवायचा आणि सुती फडक्यात गुंडाळायचं.