कार्ड मिळतं, प्रोग्राम मिळत नाही

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजावरून पूर्वी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं, १९२३ साली रुळावर आलं आणि १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. ते इतकं टिकलं, कारण त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत होता आणि हाताने मोजता येत होता. बुश झिजला तर तसाच दुसरा लेथवर काढता येई, मूळ कारखान्याला विचारायची गरज नसे. त्याच भागातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांचं आता तसं राहिलेलं नाही. केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान २००० साली सुरू झालं आणि त्यातून देशभरातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचं आधुनिकीकरण झालं. आजच्या आधुनिक प्रेसमध्ये रुई भरायची, दाबायची, पेटीची दारं उघडायची आणि १७० किलोची गठाण बाहेर काढायची हा सगळा क्रम पॅनेलमधला पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारा नियंत्रक, सांभाळतो. प्रेसचं लोखंड नीट राखलं तर कित्येक दशकं चालतं. पीएलसीचं आयुष्य मात्र बनवणाऱ्या कंपनीच्या वेळापत्रकावर ठरतं. ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ २०१७ साली बंद झाला. जगभर लाखोंनी बसवलेली सीमेन्सची एस७-३०० ही मालिका ऑक्टोबर २०२३ पासून नेहमीच्या विक्रीतून निघाली, आता ती ठरावीक मुदतीपर्यंत फक्त सुट्या भागांपुरती मिळेल.

असा बंद झालेला पीएलसी बिघडला, की पहिली धावपळ होते ती त्याच्या कार्डासाठी, म्हणजे सुट्या मॉड्यूलसाठी. या दुरुस्तीच्या कामात राहून माझं मत असं झालं आहे, की कार्ड शोधणं हा त्यातला सोपा भाग आहे. कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून वस्तू जगातून नाहीशी होत नाही. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं तोडली जातात. जहाजाच्या इंजिनखोलीतले पीएलसी, पॉवर सप्लाय, रिले, सेन्सर तिथून भावनगरच्या व्यापाऱ्यांकडे येतात आणि साफ करून, तपासून विकले जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडचा बाजार आहे, जुने कारखाने मोडीत काढणारे आहेत. लेबलावरचा ऑर्डर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर दिला तर माल सहसा सापडतो. ते शेवटचं अक्षर महत्त्वाचं, कारण एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या बाहेरून सारख्या दिसतात आणि आतून जुळत नाहीत.

अडतं ते प्रोग्रामपाशी. जुन्या पीएलसीत प्रोग्राम रॅममध्ये असतो आणि एका लिथियम बॅटरीच्या जोरावर टिकतो. बॅटरी उतरलेली असताना वीज गेली, की पीएलसी धडधाकट असूनही रिकामा होतो. एस७-३०० मालिकेतल्याच नंतरच्या पीएलसींत प्रोग्राम एका छोट्या मेमरी कार्डावर असतो. ते कॅमेऱ्याच्या कार्डासारखं दिसतं, म्हणून कुणी ते लॅपटॉपला लावून फॉरमॅट केलं तर पीएलसीसाठी निकामी होतं. एस७-३०० हून जुन्या, सीमेन्सच्याच एस५ चा प्रोग्राम उतरवून घ्यायला डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर आणि वेगळी केबल लागते, आजच्या लॅपटॉपला तर तिचा पोर्टच नसतो. शिवाय मशीन बसवणाऱ्याने प्रोग्रामला पासवर्ड घातलेला असेल आणि तो माणूस आता त्या धंद्यात नसेल, तर भावनगरहून आलेलं कोरं कार्ड घेऊन करायचं काय? कार्डावर साठ हजार खर्चायला तयार असलेला मालक बॅकअपसाठी इंजिनिअरला अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला कां-कूं करतो, कारण बॅकअप हातात धरता येत नाही. मला हीच या व्यवहारातली मुळातली चूक वाटते. प्रोग्रामच्या दोन प्रती, कुठल्या इनपुटला कुठला सेन्सर आणि कुठल्या आउटपुटला कुठला व्हॉल्व्ह याची यादी, वायरिंगचा नकाशा आणि बॅटरी बदलल्याची तारीख, एवढं असेल तर दुसऱ्या कंपनीचा पीएलसी बसवूनही प्रेस चालू करता येते. हे नसेल तर अस्सल कार्डही उपयोगाचं नाही.

यावर म्हटलं जातं, की जुन्याला ठिगळं लावण्यापेक्षा सगळं पॅनेलच नवं घ्या. सल्ला बरोबर आहे, पण त्याची वेळ उन्हाळ्यात. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागल्यावर प्रेस थांबली, की रुईचे ढीग साचतात, मग खरेदी थांबते आणि शेवटी कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी फाटकावर अडकतो. नवा प्रोग्राम लिहून, चालवून, त्यातल्या चुका काढायला दिवस लागतात. ते दिवस हंगामात कुणाकडे नसतात. आणि नवं पॅनेल करायचं तरी जुना क्रम माहीत हवाच, म्हणजे आपण पुन्हा त्याच नोंदींपाशी येतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: वापरलेल्या मालात बनावटगिरी चालते, लेबल बदलून जुनं नवं म्हणून खपवतात. हे मी पूर्ण मान्य करतो. म्हणून प्रत्येक इनपुट-आउटपुट लोडवर काही तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि इमर्जन्सी स्टॉप, सेफ्टी रिले, पेटीच्या दाराचा स्विच हे भाग वापरलेले कधीही घेऊ नयेत, मग प्रेस आठवडाभर उभी राहिली तरी चालेल. तिथे माणसाचा हात असतो. तिसरं, आधीच दोन-दोन कार्डं घेऊन ठेवावीत असं काही जण सुचवतात. पण कपाटात पडलेल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटरही वर्षानुवर्षं न वापरता खराब होतात. वर्षातून एकदा त्यांना वीज दाखवणार असाल, तरच साठा करा.

या सगळ्यात कायदा कुठे आहे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. म्हणजे कापूस पिकवणाऱ्याच्या ट्रॅक्टरचा विचार झाला, त्याच कापसाची गठाण बांधणाऱ्या प्रेसचा झाला नाही. धंद्यासाठी यंत्र घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एरवी ग्राहकही मानत नाहीत. त्यामुळे तूर्त जे काही मिळवायचं ते खरेदीच्या करारातच मिळवावं लागेल. पासवर्डशिवायचा प्रोग्राम, त्यातल्या टिपांसकट, आणि पूर्ण नकाशे हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, ही अट मालकाने घातली तर यंत्र विकणाऱ्याला ती मान्य करणं जड नाही. फाइल त्याच्याकडे तयारच असते.