मायच्या अंगावरचे धागे

दिवेलागणीला माय कामावरून परतायची ती अंगभर धागे घेऊनच. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात ती साड्यांवरचे सुटे धागे कापायची. वेणीत राणी रंगाचा, पदराला जरीचा, कोपराला पोपटी. ती चहा घेऊन टेकली की मी एकेक धागा वेचायचे आणि वेचता वेचता शाळा, भांडणं, हलणारा दात, सगळं सांगून टाकायचे. त्या धाग्यांची मी गुंडी केली होती.

सुरतेच्या लिंबायतमधली ही आमची खोली. ताप्ती लाइनच्या गाडीने खानदेशातून आलेल्या कितीतरी घरांत हेच चालायचं. बाप लूमवर, आई धागा कटिंगला नाहीतर साड्यांच्या घडीला, पोरं शेजारच्या मावशीच्या नजरेखाली. निघताना माय अहिराणीत एवढंच म्हणायची, "येस ना मी, सांजले." तेवढ्यावर माझा दिवस निभायचा.

तो शब्द एकदाच मोडला. ऑगस्ट २००६. उकाई धरणातून पाणी सोडलं, तापी शहरात शिरली आणि वेड रोडकडे कामाला गेलेली माय तिकडेच अडकली. वीज नाही, फोन नाही. दोन रात्री मी ती गुंडी मुठीत धरून पडले होते. तिसऱ्या दिवशी माय आली. साडी चिखलाने माखलेली, अंगावर धागा एकही नाही. पुढे कित्येक महिने तिला जरा उशीर झाला की माझ्या पोटात गोळा यायचा.

माय रोज जायची, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. ती येईल ना, या धास्तीने मात्र मी पोखरले गेले. आणि आई येईपर्यंत आपण सांभाळले जाऊ, ही खात्री एकट्या आईने कुठवर द्यायची? १९४८च्या कारखाना कायद्यात ३०हून जास्त बायका असतील तिथे पाळणाघराची सक्ती होती. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पाळणाघरासाठी ५० कर्मचाऱ्यांची अट घातली. मायच्या कारखान्यात बायका बारा, एकूण माणसंही पन्नासच्या आतच. त्यांची लेकरं दोन्ही आकड्यांबाहेर. अशा लेकरांसाठी पाळणाघर गल्लीतच हवं.

आता मी नर्स आहे, माझी लेक मायजवळ असते. निघताना मीही तेच अहिराणी शब्द म्हणते. परतले की ती माझ्या बाहीला चिकटलेली टेपची पट्टी शोधते, सोलून बाहुलीच्या गुडघ्याला लावते आणि बोलत सुटते. कुकर उशिरा लागला तरी चालेल. तिचं सांगून होईस्तोवर मी उठत नाही.